सोडलेल्या माशाचा हिशेब

हलाल काय आणि हराम काय हे आपल्या घरांत मुलाला अक्षरओळख होण्याआधीच कळू लागते. पण या दोहोंच्या मध्ये एक रुंद पट्टा आहे आणि माणसाचे बहुतेक आयुष्य त्या पट्ट्यातच जाते. छंद, शौक, सहल, करमणूक या साऱ्या गोष्टी तिथे येतात. तिथे कुणी फतवा मागायला जात नाही आणि कुणी द्यायलाही येत नाही. मासा हलाल आहे. त्याला जबह करण्याचीही अट नाही. सफर जायज आहे. दोस्तांबरोबर चार दिवस रानात, पाण्याकाठी काढण्यात गैर काही नाही. मग दूरच्या एखाद्या निर्जन जलाशयावर जावे, तिथला सर्वांत मोठा मासा गळाला लावावा, त्याला दोन्ही हातांवर धरून फोटो काढावा आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यावा, असा बेत कुणी आखला तर त्यात विचार करण्याजोगे काय आहे? वरवर पाहता काहीच नाही. पण हा प्रश्न गेले काही महिने आमची पाठ सोडायला तयार नाही.

आम्ही केडगावचे. नगर शहराला पुणे रस्त्याने खेटून असलेले हे उपनगर पर्जन्यछायेच्या मुलखात येते. इथे पाण्याची गोष्ट म्हणजे नेहमी लांबून आणलेल्या पाण्याची गोष्ट. निजामशाहीत खापरी नळांतून शहरात पाणी खेळवले गेले. पाण्याच्या मधोमध बांधलेला फराहबाग महाल मात्र आज कोरड्या तळ्यात उभा आहे. अशा मुलखातल्या माणसाला भरलेल्या जलाशयाची ओढ असणे स्वाभाविक आहे. आमच्यातले चार-पाच जण वर्षानुवर्षे सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन पिंपळगाव माळवीच्या तलावावर, नाहीतर मुळा धरणाच्या फुगवट्याकडे जात आले. बांबूची काठी, तंगूस, शिशाचा तुकडा, गांडुळांचा डबा, एवढाच सरंजाम. लागली तर चिलापी, नशीब जोरावर असेल तर मरळ. संध्याकाळी घरी कालवण. या मासेमारीत नैतिक प्रश्न कधी उभा राहिला नाही, कारण धरलेला मासा चुलीवर जाणार हे ठरलेलेच होते.

अलीकडे या छंदाचे रूप पालटले. आमच्या मुलांच्या, भाच्या-पुतण्यांच्या हाती कार्बनच्या छड्या आणि रिळे आली. मोबाइलवर ते कॅनडातल्या मासेमारीचे व्हिडिओ पाहतात. तिकडे पाईक नावाचा मासा आहे. लांबट, अणकुचीदार दातांचा, पाणवनस्पतींत दबा धरून बसणारा आणि जवळून जाणाऱ्या माशावर एकदम झेपावणारा. आपल्या मरळीशी त्याचे नाते नाही, पण स्वभाव बराचसा तसाच. मॅनिटोबा, सस्कॅचेवान, ऑन्टॅरिओ या प्रांतांच्या उत्तरेला असे असंख्य तलाव आहेत की जिथे रस्ताच जात नाही. पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने शौकीन लोक तिथे पोचतात, लाकडी घरात आठवडाभर राहतात आणि मीटरभराहून लांब पाईक मिळाला की त्याला ‘ट्रॉफी’ म्हणतात. मोजायचा, फोटो काढायचा, सोडायचा.

पाईक आपल्या देशात नाही. पण ट्रॉफीची कल्पना इथे आली आणि तिला इथला मासाही मिळाला. तो म्हणजे महसीर. आपल्या सह्याद्रीतल्या महसीरला मावळात खडशी म्हणतात. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या या माशाचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याला ‘खुद्री’ असे नाव दिले. मोठमोठे खवले, जाड ओठ आणि वाहत्या पाण्याविरुद्ध पोहून कमावलेली ताकद. गळाला लागला की दोरा कसा ओढून नेतो हे ऐकून ऐकूनच आमच्या पोरांना झोप येईनाशी झाली. हिवाळ्यात चार दिवसांचा बेत ठरू लागला. कुणी म्हणे, मावळातल्या टाटांच्या तलावांकडे जाऊ. कुणी म्हणे, आपल्याच जिल्ह्यात भंडारदऱ्याच्या मागच्या अंगाला, रतनवाडीकडच्या पाण्यावर तंबू टाकू. तो भाग म्हणजे नगर जिल्ह्याची चेरापुंजी. आमच्या केडगावपासून सुमारे दीडशे किलोमीटर आणि पावसाच्या हिशेबाने जणू दुसरा देश. यादी तयार झाली. छड्या, रिळे, जाड तंगूस, तंबू, वजनकाटा, मोजपट्टी, पाण्यात पडले तरी बिघडणार नाही असा कॅमेरा. बैठकीत बसलेल्या एका वयस्क चाचांनी यादी ऐकून घेतली आणि विचारले, ‘‘खाणार आहात का?’’ पोरे म्हणाली, ‘‘नाही चाचा, सोडून देणार.’’ चाचा म्हणाले, ‘‘मग धरता कशाला?’’

सगळे हसले. उत्तर मात्र कुणी दिले नाही.

एक उत्तर तयारच असते. आम्ही जीव घेत नाही, उलट त्याला जीवदान देतो. खाणाऱ्यापेक्षा आम्ही बरे. आजच्या काळात हे उत्तर फार सभ्य वाटते. पण नसाईच्या संग्रहात एक हदीस आहे, तिचा आशय असा की जो माणूस चिमणी किंवा तिच्याहून मोठा जीव त्याच्या हक्काविना मारील, त्याला अल्लाह त्याबद्दल जाब विचारील. लोकांनी विचारले, तिचा हक्क कोणता? तर सांगितले गेले की तिला जबह करून खावे, मुंडके तोडून फेकून देऊ नये. इथे एक गोष्ट नीट पाहावी. चिमणीचा हक्क म्हणजे तिला हातच लावू नये, असे म्हटलेले नाही. खाण्यासाठी घेतली तर ते तिच्या हक्काला धरून आहे. नुसती घेतली तर हक्क बुडवला. म्हणजे आपल्याकडे जीव घेण्याला कारण लागते, आणि भूक हे त्यातले सर्वांत सरळ कारण आहे. मासा तर कुराणाने सूरह माइदामध्ये पाण्यातली शिकार म्हणून आपल्यासाठी आणि प्रवाशांसाठी अन्न म्हणून हलाल केला आहे. परवानगी आहे ती अन्नाची. खेळण्याची परवानगी तिच्यात गृहीत धरता येईल का, हा खरा प्रश्न आहे.

कुणी म्हणेल, हदीस मारण्याबद्दल आहे, आम्ही तर मारतच नाही. मग दुसरी हदीस पाहावी. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे की इब्ने उमर एकदा काही पोरांजवळून चालले होते. पोरांनी कोंबडी बांधून ठेवली होती आणि तिच्यावर नेमबाजी चालवली होती. इब्ने उमरना पाहताच पोरे पळाली. इब्ने उमर यांनी सांगितले की असे करणाऱ्यावर रसूलुल्लाहनी लानत केली आहे. कोंबडी खाण्याला तिथे कुणाचीच हरकत नव्हती. हरकत होती ती जिवंत जिवाला खेळाचे साधन करण्याला.

माशाला वेदना होते का, हा प्रश्न इथे आपोआप येतो. मासा ओरडत नाही, त्याला पापण्या नाहीत, चेहऱ्यावर काही उमटत नाही, म्हणून त्याच्याबाबत माणसाचे मन लवकर निबर होते. २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये ट्राउट माशांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. माशांच्या ओठांत मधमाशीचे विष किंवा ॲसेटिक आम्ल टोचले, तेव्हा त्यांनी सुमारे तीन तास अन्नाला तोंड लावले नाही. आम्ल टोचलेले मासे टाकीतल्या खड्यांवर ओठ घासत राहिले. इजा ओळखणारे मज्जातंतू माशाच्या तोंडाभोवती असतात हेही त्या संशोधनात दाखवले गेले. माशाच्या मेंदूत वेदनेची जाणीव होण्याजोगी रचनाच नाही असे म्हणणारे शास्त्रज्ञही आहेत आणि तो वाद अजून मिटलेला नाही. पण जिथे शंका आहे तिथे सावध राहावे, हे आपल्याला मदरशातच शिकवले जाते. आणि गळ तर नेमका ओठातच रुततो.

शिवाय सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असेही नाही. सोडलेल्या माशांविषयीच्या अनेक अभ्यासांचा २००५ साली एकत्र आढावा घेण्यात आला, त्यात मरणाऱ्यांचे प्रमाण सरासरी १८ टक्के भरले. गळ खोल गेला, पाणी कोमट असले, फोटोसाठी मासा फार वेळ बाहेर राहिला की धोका वाढतो. काळजी घेतली की बराच कमी होतो. पण जो मरतो त्याचे काय होते? तो तासाभराने किंवा दुसऱ्या दिवशी कुठेतरी पोट वर करून तरंगतो. आपल्या हनफी मजहबात आपोआप मरून पाण्यावर आलेला मासा, ज्याला ‘ताफी’ म्हणतात, तो खाणे मकरूह आहे. शाफई मजहबात मुभा आहे, पण तिथेही तो हाती लागायला तर हवा. म्हणजे हा मासा ना खाणाऱ्याच्या ताटात गेला, ना आपल्या आयुष्याने गेला. सोडणारा मात्र समाधानाने घरी गेला.

आपण मुसलमानांनी या प्रश्नाकडे जरा जास्त लक्ष द्यावे, याला आणखी एक कारण आहे. दरवर्षी बकरी ईद जवळ आली की कुर्बानीवर चर्चा सुरू होते. मुक्या जिवांची आठवण अनेकांना त्याच आठवड्यात होते. आपण उत्तर देतो की कुर्बानीला कायदा आहे, हेतू आहे. सुरी धारदार हवी, जनावरासमोर तिला धार लावू नये, एकासमोर दुसरे कापू नये, मांसाचे वाटे व्हावेत, गरिबाच्या घरी त्यातले जावे. हे उत्तर खरे आहे आणि भक्कम आहे. पण त्याचा भक्कमपणा कशात आहे? जीव घेण्याला आपल्याकडे कारण लागते आणि रीत लागते, यात आहे. तोच माणूस महिन्याभराने तलावावर जाऊन निव्वळ फोटोसाठी एखाद्या जिवाच्या ओठात लोखंड रुतवणार असेल, तर त्याने आपलेच उत्तर पोकळ केले. टीकाकारांना काय वाटेल हा मुद्दा नाही. आपण जे बोलतो ते आपल्याला मान्य आहे की नाही, हा मुद्दा आहे.

सोडण्याने सारे फिटते, या समजुतीकडे पाहताना सूरह अअराफमधली समुद्रकाठच्या वस्तीची हकीकत आठवते. त्या लोकांना शनिवारी मासे धरायची मनाई होती आणि नेमके शनिवारीच मासे पाण्यावर येत. मुफस्सिरांनी सांगितले आहे की त्यांनी युक्ती काढली. जाळी आणि खड्डे आधीच तयार ठेवायचे, शनिवारी मासे आत अडकू द्यायचे आणि रविवारी जाऊन उचलायचे. शनिवारी तर आम्ही हातच लावला नाही! शब्द पाळला, अर्थ बुडवला. याला आपण ‘हीला’ म्हणतो. ‘आम्ही मारत नाही, सोडतो’ या वाक्यात त्या युक्तीचा थोडा वास येतो. पाईकच्या आणि महसीरच्या शौकिनांना आम्ही त्या वस्तीच्या रांगेत बसवत नाही. त्यांना कुणी मनाई केलेली नव्हती. पण मन कसे चालते ते दोन्हीकडे सारखेच आहे. जे करायचे ते करून झाल्यावर, ते केलेच नाही असे दाखवणारी एक पळवाट ठेवायची.

सोडण्याचे दोन प्रकार असतात, हे इतिहासात बापलेकांनीच दाखवून ठेवले आहे. अकबराने १५७८ साली पंजाबात भेऱ्याजवळ प्रचंड ‘कमरगा’ मांडला होता. म्हणजे मैलोन्‌मैल रान वेढून जनावरे एका जागी हाकत आणायची आणि मग बादशहाने शिकार करायची. सगळी तयारी झाली, जनावरे कोंडली गेली आणि अकबराने एकाएकी शिकार थांबवून त्यांना सोडून द्यायला सांगितले. त्याला काय झाले असावे यावर इतिहासकार अजून लिहितात. त्याचा मुलगा जहांगीर याने तर बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंतच्या शिकारीचा हिशेब आपल्या आत्मचरित्रात मांडला आहे. त्याच्या समोर झालेली शिकार २८,५३२. त्यांतली स्वतःच्या हाताची १७,१६७. हाच जहांगीर १६०७ साली काबूलच्या वाटेवर हसन अब्दाल येथे थांबला होता. स्वच्छ पाणी पाहून त्याने स्वतः जाळे टाकले, दहा-बारा मासे धरले, त्यांच्या नाकात मोती घातले आणि त्यांना पुन्हा पाण्यात सोडले. आज ज्याला धरून सोडण्याची मासेमारी म्हणतात, तिचा इतका शाही नमुना दुसरा सापडणे कठीण. माशाला मोत्याचे काय? मोती माशासाठी नव्हता, बादशहासाठी होता. अकबराने जखम करण्याआधी सोडले, जहांगिराने जखम करून, वर दागिना घालून सोडले. पहिल्यात हाताला आवर आहे, दुसऱ्यात हाताचे कौतुक आहे.

आता दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण ती खरी आहे. मासा खाण्यासाठी धरला की सगळे पाक झाले, असे मुळीच नाही. सह्याद्रीतल्या नद्यांत जिलेटिनच्या कांड्या उडवून, ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारले जातात. तेही खाण्यासाठीच असते. पण एका डोहातले अंड्या-पिलांसह सारे संपते आणि त्यातले निम्मे कुणी उचलतही नाही. याच्या तुलनेत एक मासा धरून सोडणारा शौकीन पाण्याचा मोठा मित्र ठरतो. धरणांनी महसीरच्या वाटा अडवल्या, कारण तो पावसाळ्यात वरच्या अंगाला, खडेगोट्यांच्या वाहत्या पाण्यात अंडी घालायला जातो. अशा वेळी लोणावळ्याला वळवणच्या तलावाशी टाटांनी १९७० च्या दशकापासून महसीरची कृत्रिम पैदास केली, त्याची लाखो पिले देशभरच्या पाण्यांत गेली. खुद्री महसीर एकेकाळी धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत होता, आज तो त्या यादीतून बाहेर आहे. आणि हौसेने मासे धरणाऱ्यांना हा मासा हवा होता, म्हणून त्याच्याकडे इतके लक्ष गेले, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण याच कहाणीचे पुढचे पान कावेरीवर आहे. कावेरीच्या खोऱ्यात कुबड असलेला, केशरी परांचा वेगळा महसीर राहतो; जगातल्या सर्वांत मोठ्या महसीरांपैकी तो एक. याच खोऱ्यात, काबिनी नदीत, १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन या प्राणी पेंढून ठेवणाऱ्या घराण्यातल्या एकाने १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महसीर धरला. तो विक्रम अजून सांगितला जातो. पुढे कर्नाटकात नदीकाठी मासेमारीच्या छावण्या निघाल्या, परदेशांतून शौकीन येऊ लागले, धरलेला प्रत्येक मासा सोडला जाऊ लागला. नदीत मासे वाढावेत म्हणून लोणावळ्याची पिलेही तिथे सोडली गेली. सगळ्यांचा हेतू चांगलाच होता. पण आपला खुद्री तिथे इतका फोफावला की मूळचा कुबडा मासा दिसेनासा झाला. २०१२ साली अभयारण्यातल्या या छावण्यांतली मासेमारी बंद झाली. २०१८ साली कुबड्या महसीरची शास्त्रीय ओळख एकदाची पक्की झाली आणि त्याच वर्षी तो ‘अतिशय संकटग्रस्त’ म्हणून नोंदला गेला. यात एक गोष्ट शौकिनांच्या पदरात घातलीच पाहिजे. मूळ मासा कमी होतो आहे हे कळले ते त्यांच्याच छावण्यांतल्या नोंदवह्यांमुळे. म्हणून या लोकांना सरसकट दोषी धरणे अन्यायाचे होईल. आम्ही यातून एवढेच घेतो की मोठ्या माशाची हाव चांगल्या कामाच्या रूपानेही येते, आणि नदीला काय हवे ते विचारण्याआधीच आपल्याला काय हवे ते नदीत सोडून मोकळी होते.

पाण्याचा विचार करताना माणसांचा हक्कही येतो. आपल्या राज्यातल्या बहुतेक जलाशयांतली मासेमारी ठेक्याने दिलेली असते आणि अनेक ठिकाणी ती मच्छीमार सहकारी संस्थांकडे असते. नगर जिल्ह्यात भोई आहेत, वरच्या अंगाला महादेव कोळी, ठाकर आहेत. धरणांत ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यातलेही काही जण आता जाळी टाकतात. आपले कोकणातले दालदी बांधव तर पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगत आले. रोजीचा मासा आणि शौकाचा मासा यांतला फरक त्यांना समजावून सांगावा लागत नाही. ज्या पाण्यावर कुणाची चूल आहे त्या पाण्यावर आपण चार दिवसांचे पाहुणे म्हणून जातो. निर्जन म्हणून जी जागा आपण शोधतो ती बहुधा कुणाच्या तरी घरामागची असते. रतनवाडी-घाटघरचा परिसर तर १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय गळ टाकायचा नसतो. अल्लाह आपले हक्क माफ करील, बंद्यांचे हक्क बंद्यांकडूनच माफ करून घ्यावे लागतात, हे आपण ऐकत आलो आहोत. सहलीच्या यादीत ठेकेदार संस्थेची आणि खात्याची परवानगी पहिल्या ओळीवर यायला हवी ती यासाठी.

मग फोटोचे काय? व्हॅन इंगेनच्या काळी मुंडके भिंतीवर लागे, आता चित्र मोबाइलवर फिरते. जीव वाचतो हा फरक लहान नाही. पण भिंत काय किंवा मोबाइल काय, दोन्ही दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी असतात. ‘रिया’ म्हणजे दिखाऊपणा, आणि हदीसमध्ये त्याला लहान शिर्क म्हटले आहे. तो शब्द इबादतीतल्या दिखाव्यासाठी आहे, सहलीला लावणे जड होईल. तरी स्वतःला एक साधा प्रश्न विचारता येतो. कॅमेरा घरी ठेवायचा आणि परत आल्यावर कुणाला काही सांगायचे नाही, अशी अट घातली तर आपण जाऊ का? जाऊ, असे उत्तर आले तर आपल्याला पाणी, रान आणि दोस्तांची संगत हवी आहे. जाणार नाही, असे आले तर आपल्याला माशाचीही गरज नाही. टाळ्या हव्या आहेत आणि त्यांची किंमत मासा भरणार आहे.

प्रवास कशासाठी, याला आपल्या फिकहमध्ये किती वजन आहे ते कस्रच्या मसल्यात दिसते. केडगावहून भंडारदरा काय किंवा लोणावळा काय, कस्रचे अंतर दोन्हीकडे पुरे होते. देशावरचे आपण बहुतेक हनफी; आपल्याकडे सफर कोणत्याही हेतूची असो, नमाज आखूड होते. कोकणातले आपले शाफई बांधव सांगतील की गुनाहच्या सफरीला ही सवलत नाही. आणि जाफरी फिकहमध्ये तर स्पष्टच म्हटले आहे की नुसत्या खेळासाठी शिकारीला निघालेल्या मुसाफिराने नमाज पूर्ण पढावी. पोटासाठी निघालेल्याला मात्र सवलत आहे. निकाल वेगवेगळे आहेत, पण इमामांनी शिकारीला निघालेल्या माणसाचा हेतू विचारात घेतला होता. आमच्या चाचांचा प्रश्नही त्याहून वेगळा नव्हता.

यावर कुणी म्हणेल, इतके कातडे सोलायचे तर माणसाने आनंद करायचाच नाही का? करायचा. आनंदाला हरकत नाही, आनंदाच्या खर्चाचा हिशेब मागितला आहे. भल्या पहाटे पाण्यावरून उठणारे धुके पाहणे, फज्र उघड्यावर पढणे, गळ टाकून तासन्‌तास गप्प बसणे, लागलेला मासा काठावरच भाजून वाटून खाणे, यांत कुठेही काही बोचत नाही. बोचते ते ‘सर्वांत मोठा’ या दोन शब्दांत. खाणाऱ्याला सर्वांत मोठा मासा लागतच नाही; किलो-दीड किलोचा त्याला पुरतो, चवीलाही तोच बरा. मोठी, जुनी मादी लहान मादीपेक्षा कितीतरी पटींनी अंडी घालते. तलावाचे उद्याचे पीक तिच्या पोटात असते. म्हणजे शौकीन ज्या माशाच्या मागे लागतो, नेमका तोच मासा कुणाच्याच वाट्याचा नाही. तो पाण्याचा आहे. त्याला धरून सोडण्यापेक्षा त्याच्या मागे न लागणे हे खरे सोडणे.

असे सोडणे आपल्या मुलखाला नवे नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात वरदायिनी देवीच्या नावाने महसीर राखले आहेत. लोक त्यांना खाऊ घालतात, धरत नाहीत. तिकडे चितगावला बायजीद बुस्तामींच्या दर्ग्याच्या तलावात काळी कासवे अशीच राखली गेली. रानात ती जात संपल्याचे मानले जात होते, तेव्हाही ती तिथे जिवंत होती. श्रद्धा वेगळ्या, पण दोन्ही ठिकाणी माणसांनी एक जागा ठरवून तिथे हात आवरला. कुणी तिथे मोजपट्टी घेऊन गेले नाही.

आमच्यापुरते आम्ही यादीत बदल केले. वजनकाटा आणि मोजपट्टी काढली. बेडकी जिवंत टोचून मरळ धरण्याची रीत आहे, ती या सफरीत नाही असे ठरले. पिठाच्या गोळ्या आणि मेलेले आमिष पुरे. गळाचा उलटा दात कानशीने घासून काढायचा, म्हणजे नको तो मासा लागलाच तर पाण्यातच सुटेल. एका वेळच्या जेवणापुरते मासे झाले की छड्या गुंडाळायच्या. मोठ्या माशासाठी खास जाड तंगूस न्यायचेच नाही; लागला तर तो तोडून जाईल आणि ते तोडणे त्याच्या हक्काचे असेल, असा हा बेत होता. पण तुटलेला दोरा आणि गळ तोंडात घेऊन मासा फिरेल, हे आमच्यातल्या एका मुलाने लक्षात आणून दिले. म्हणून मोठा मासा जिथे बसतो त्या खोल डोहात गळ टाकायचाच नाही, असे शेवटी ठरले. त्या मुलाला फोटोचा सर्वांत जास्त शौक होता. हा बदल त्यानेच सुचवला, याचे आम्हांला समाधान आहे.

सूरह कहफमध्ये एका सफरीत मासा आहे. हजरत मूसा दोन समुद्रांच्या संगमाकडे निघाले तेव्हा त्यांच्या साथीदाराजवळ शिदोरीचा मासा होता. वाटेत तो पाण्यात निसटून गेला आणि साथीदार ते सांगायला विसरला. भूक लागली तेव्हा आठवण झाली. मूसांना हळहळ वाटली नाही. ते म्हणाले की तेच तर ठिकाण आपण शोधत होतो, आणि आल्या पावली माघारी वळले. मासा जिथे निसटला तिथेच त्यांना तो ज्ञानी बंदा भेटायचा होता. आपण तलावावर कशासाठी जातो हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र निघण्यापूर्वी ठरवावे. गळाला मासा लागल्यावर विचार करायला वेळ नसतो. हात थरथरत असतात आणि शेजारी कुणीतरी कॅमेरा उघडून उभा असतो.